शोकेसमधला मेंदू

पुलगावच्या बाजारात प्रभाकररावांचं कापडाचं दुकान आहे. एके काळी त्या दुकानात दोन गोष्टी मिळत: कापड आणि शिस्त. कापड मोजून मिळे. शिस्त मोजली जात नसे, पण दिली जाई ती मोजायच्या वस्तूनेच.

ती वस्तू म्हणजे लोखंडी मीटर. प्रभाकररावांच्या वडिलांकडे गज होता. पुढे सरकारने गज बंद करून मीटर आणला तेव्हा बाजारात बरीच कुरकुर झाली. प्रभाकररावांनी केली नाही. मीटर गजापेक्षा तीन-साडेतीन इंच लांब भरतो, आणि तेवढ्यात काउंटरच्या पलीकडे उभ्या असलेल्या पोरापर्यंत गादीवरून न उठता पोचता येतं, हे त्यांच्या पहिल्याच दिवशी ध्यानात आलं होतं.

पद्धत अशी होती. उन्हाळ्याच्या सुट्टीत बाजारातले लोक आपापली पोरं प्रभाकररावांच्या हाताखाली ठेवत. पोराने थान उलगडायचं, घडी घालायची, पावकी-निमकी म्हणायची आणि गिऱ्हाइकासमोर तोंडी हिशेब करायचा. चुकला तर शिवी नाही, आरडाओरडा नाही. प्रभाकरराव मीटर उचलून काउंटरवर एकदा हलकेच आपटत. टण्ण. तो आवाज झाला की पोराने डावा हात काउंटरवर पालथा ठेवायचा. डावा अशासाठी, की उजव्याने कात्री धरायची असते. कामाच्या हाताचं नुकसान करू नये, असा त्यांचा दयाळू नियम होता. समोर गिऱ्हाईक असेल तर ते जाईपर्यंत हात तसाच ठेवून थांबायचं. गिऱ्हाइकाला वाटे, पोरगं कापड धरून उभं आहे. सगळं आटोपल्यावर प्रभाकरराव म्हणत, "उचल." त्याआधी हात काढायचा नाही.

"प्रभाकररावांच्या हाताखालून गेलेला" ही आमच्याकडे लग्नाच्या बोलणीत सांगायची पदवी होती. रूपराव त्यांच्या हाताखालून जाऊन एस.टी.त कंट्रोलर झाले. ओमप्रकाशने बापाच्या किराण्याचं होलसेल केलं. रुपेश हायस्कूलला गणित शिकवतो. हाताखालून जाऊन काहीच न झालेलेही काही होते. एक जण घर सोडून गेला तो आलाच नाही, एकाला दारूने नेलं. त्यांची नावं या संदर्भात कोणी काढत नसे. त्यामुळे निकाल शंभर टक्के राही.

सगळ्यात जास्त काळ हाताखाली राहिला तो प्रभाकररावांचा स्वतःचा मुलगा, धीरज. बाकी पोरांची शाळा उघडली की सुटका व्हायची. धीरजची शाळाच दुकानात होती. घरची रीत अशी, की मुलाला आठवं वर्ष लागलं की येणाऱ्या दसऱ्याला त्याला गादीवर बसवायचं, पुजलेला मीटर त्याच्या हातात द्यायचा आणि मग तो परत घ्यायचा. परत घेतल्यानंतरचं सगळं शिक्षण.

या शिक्षणाचा परिणाम म्हणाल तर धीरज सद्गुणी निघाला. पान नाही, तंबाखू नाही, वर मान करून बोलणं नाही. झोपही नाही. म्हणजे तशी त्याची झोप फार विचित्र होती. घरामागून रात्रभर मालगाड्या जातात, त्यांनी तो जागा होत नसे. गावाजवळच्या लष्करी डेपोत जुना दारूगोळा फोडतात तेव्हा खिडक्यांची तावदानं थरथरतात. नव्याने गावात आलेली माणसं दोन दिवस देवाचं नाव घेत हिंडतात. धीरज तेव्हा कूसही बदलत नसे. पण स्वयंपाकघरात बायकोच्या हातून उलथनं ओट्यावर पडलं की तो आहे तिथे थिजे. घास तोंडात असेल तर तोंडातच राही. गिऱ्हाइकाने आवाज चढवला की डोक्यातली पावकी-निमकी बंद पडे आणि तो भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसे. पहाटे छातीत धडधडून उठे आणि पुन्हा झोपत नसे.

शहाण्णव साली प्रभाकररावांचे गुडघे गेले आणि काउंटर धीरजकडे आला. त्याने पहिलं काम केलं ते लोखंडी मीटर पोत्यात गुंडाळून माळ्यावर टाकण्याचं. त्याच्या जागी शिंप्याची टेप आणली. दुकानाचा धंदा त्या दिवसापासून उतरला. कापडाच्या दुकानात टेप म्हणजे डॉक्टरने नाडी न बघता तोंड बघून गोळी देण्यासारखं.

"टेप ओढून तं नाई राह्यला ना भाऊ?" लीलाबाई नावाच्या एक जुन्या गिऱ्हाईक दर खेपेला विचारत. "तुह्या बापाचा मीटर बरा होता. लोखंड खोटं नाई बोलत."

धीरज मान खाली घालून वीतभर कापड जास्त देई.

नऊ वर्षं अशी गेली. मग पियुषला आठवं लागलं.

धीरजची बायको रक्षा कारंज्याची. हायवेवर ट्रकांच्या भोंग्यांत वाढलेली, त्यामुळे तिचा आवाज मुळातच मोकळा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, पाडव्याला, ती धीरजला म्हणाली, "दसऱ्याले माह्या पोराच्या हातात ते लोखंड आलं, तं दुसऱ्या दिवशी मी अन् पियुष कारंज्याच्या गाडीत. तुमाले यायचं असंन तं या. नाई तं टेप मोजत बसा."

"मी बोलतो बाबूजीले."

"तुमी बोलान?" रक्षा हसली. वाईट हसली नाही, पण हसली.

धीरज खरंच बोलला. आठवडाभर तयारी करून, बाप जेवून सुपारी कातरत असताना.

"बाबूजी, पियुषले यंदा नाई बसवायचं."

"काऊन?"

"मले त्रास होते."

"बसून तं तो राह्यला. तुले काय त्रास?"

धीरज वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात महिन्यातून एकदा जात होता. घरी 'डोकेदुखीचा विभाग' असं सांगितलं होतं. आता त्याने खरा विभाग सांगितला: मानसोपचार. म्हणाला, "तेथल्या डॉक्टरीणबाई म्हणते, लहानपणी मार खाल्ला तं डोक्यावर परिणाम होते."

प्रभाकररावांनी अडकित्ता खाली ठेवला. "डोक्यावर? म्या तुले डोक्यावर मारलं कधी? हातावर मारलं. तेबी डाव्या."

"हो बाप्पा," शकुंतलाबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. त्या धीरजच्या आई, आणि या सगळ्या व्यवहारात हळदीचं खातं त्यांच्याकडे होतं. "डोक्याले तं यायनं बोटबी नाई लावलं. मीच हळद लावत होती ना, मले मालूम नाई?"

"तसं नाई आई..."

"हे पाय धीरज," प्रभाकरराव शांतपणे म्हणाले. त्यांचा आवाज कधीच चढत नसे, तीच तर अडचण होती. "गिऱ्हाईक म्हनते कापड आटलं. म्या काय म्हनतो? आणून दाखव. दाखवलं तं बदलून देतो. तू म्हनतं डोकं बिघडलं. आणून दाखव. उगी कोणा बाईच्या बोलण्यावर म्या बापजाद्याची रीत मोडू काय?"

बाप न्यायी माणूस होता, याबद्दल गावात दुमत नव्हतं.

*

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पुण्याकडच्या, आणि त्यांना अजून समजावून सांगायचा कंटाळा आलेला नव्हता. धीरजने सबूत मागितलं तेव्हा त्यांनी कागद घेऊन मेंदूचं चित्र काढलं. ते वांग्यासारखं आलं.

"लहानपणी सतत धाकात राहिलेल्या लोकांच्या मेंदूचे फोटो काढून अभ्यास झाले आहेत," त्या म्हणाल्या. "हा इथे आत एक छोटा भाग असतो, हिप्पोकॅम्पस. आठवणी जागच्या जागी लावून ठेवणं हे त्याचं काम. अशा लोकांमध्ये तो सरासरीने थोडा लहान सापडतो. आणि शेजारी हा दुसरा, अमिग्डला. धोका ओळखणारा पहारेकरी म्हणा. तो गरजेपेक्षा जास्त जागा असतो. आवाज उलथन्याचा आहे की आणखी कशाचा, हे बघायला तो थांबत नाही. आधी शिट्टी मारून मोकळा."

धीरजने चित्र आपल्याकडे वळवून घेतलं. "लहान म्हणजे आटलेला?"

"हो, आटलेला म्हणा."

"का मुळातच कमी पन्ह्याचा?"

बाई थांबल्या. "म्हणजे?"

"कापड धुतल्यावर आटते ते एक. अन् मिलमधूनच कमी रुंदीचं येते ते एक. दोन्हीबी शेवटी आखूडच होते, पण तक्रार कोणाकडे करायची ते बदलते ना."

"हाच वाद चालू आहे," बाई खुशीत म्हणाल्या. "काहींचं म्हणणं, ज्यांचा तो भाग जन्मतःच लहान असतो त्यांना धाकाचा त्रास जास्त होतो. काहींचं म्हणणं, धाकामुळेच लहान होतो. बहुतेक दोन्हीही थोडं थोडं खरं असेल."

"माह्या फोटोत दिसन काय?"

"नाही. एकट्या माणसाच्या फोटोवरून नाही सांगता येत. शेकडो लोक मोजले तर सरासरीत फरक दिसतो."

धीरजला हे चटकन समजलं. मांजरपाट आटतो हे सगळ्या बाजाराला माहीत आहे. पण शिवलेला पायजमा समोर धरून तो किती आटला हे कोणी सांगू शकत नाही. त्यासाठी कापड आधी मोजलेलं लागतं. आणि त्याचा मेंदू आठव्या वर्षीच्या दसऱ्याच्या आधी कोणी मोजून ठेवला नव्हता.

"म्हणून म्हणते, एमआरआय काढू नका," बाई म्हणाल्या. "औषध चालू आहे, बोलणं चालू आहे, सुधारणा आहे. पोराला मार बसू नये यासाठी एमआरआय लागत नाही."

"आमच्या घरी लागते, मॅडम," धीरज म्हणाला आणि नागपूरचा पत्ता विचारून घेतला.

*

नागपूरला प्रभाकरराव बरोबर गेले. माल स्वतः बघून घ्यायची त्यांची सवय होती. एमआरआयवाल्यांनी धीरजचं कडं, पट्टा आणि घड्याळ काढून घेतलं आणि त्याला एका नळीत सरकवलं.

ते यंत्र कसं असतं हे धीरजला कोणी सांगितलं नव्हतं. त्याची कल्पना होती की फोटो म्हणजे फोटो. पण यंत्र सुरू झालं आणि त्याच्या कानाशी लोखंडावर लोखंड आपटू लागलं. टण टण टण टण. थोडं थांबे, विचार करी आणि पुन्हा टण टण टण.

अर्ध्या तासाने त्याला बाहेर काढलं तेव्हा तिथला टेक्निशियन पोरगा थक्क झाला होता. "काका," तो प्रभाकररावांना म्हणाला, "इथे पेशंट हलतात, खाजवतात, रडतात, घंटी दाबतात. दहातल्या चौघांचे फोटो पुन्हा काढावे लागते. या भाऊनं तर मुंडीच काय, पापणीबी नाई हलवली. इतकी साफ फिल्म महिन्यात नाई निघाली."

"माह्या हाताखालचा हाय," प्रभाकरराव म्हणाले.

धीरज कपडे घालत होता. त्याला शर्टाचं बटण सापडत नव्हतं.

तासाभराने डॉक्टरने फिल्म उजेडावर लावून पाहिली आणि सांगितलं, "नॉर्मल."

प्रभाकररावांना एका शब्दावर व्यवहार करायची सवय नव्हती. त्यांनी विचारलं, "कोठी दबलं, फुटलं?"

"नाही."

"गाठ-बीठ?"

"नाही हो काका."

"आटलं?"

डॉक्टरने चष्मा वर केला. असा प्रश्न त्याला यापूर्वी आला नसावा. "काही आटलं नाही. वयाच्या मानाने छान मेंदू आहे."

"छान," प्रभाकरराव म्हणाले. मुलाच्या डोक्याबद्दल त्यांनी हा शब्द ऐकायची आयुष्यातली पहिलीच वेळ होती. शाळेतून तसा निरोप कधी आला नव्हता. स्टेशनवर त्यांनी संत्रा बर्फी घेतली आणि गाडीत धीरजला आपल्या हाताने दोन तुकडे दिले. धीरजने खाल्ले. बाप आपल्यावर इतका खूश पाहून त्याला मनापासून बरं वाटत होतं, आणि बरं वाटतंय याचंच रडू येत होतं.

*

दुकानाच्या दर्शनी बाजूला काचेचं शोकेस आहे. आत दोन ट्यूबलाइट आणि सुटिंगचा कोट घातलेला, डोकं नसलेला पुतळा. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रभाकररावांनी त्या पुतळ्याच्या वर, ट्यूबलाइटच्या पुढ्यात, धीरजच्या मेंदूची फिल्म चिकटपट्टीने लावून घेतली. बापाचा मुलावरचा अभिमान असा उघड, भर बाजारात झळकलेला आमच्याकडे क्वचितच पाहायला मिळतो. पुतळ्याला डोकं मिळाल्याने शोकेसही पुरं दिसू लागलं.

लोक यायला लागले.

"हे काय जी, अक्रोडावानी?" लीलाबाईंनी विचारलं.

"धीरजचा मेंदू हाय," प्रभाकरराव म्हणाले. "सोळा बाजूंनं काढला. नॉर्मल."

"अगं बाई! येवढा हाय? मंग टेपनं काऊन मोजते?"

ओमप्रकाश आपल्या मुलाला घेऊन आला आणि त्याला बोट दाखवून म्हणाला, "देख, इसको बोलते शिस्त." मुलगा पुतळ्याच्या कोटाकडे बघत होता. दोघा-तिघांनी पुढच्या उन्हाळ्यासाठी आपल्या पोरांची नावं सांगून ठेवली. प्रभाकररावांनी सांगितलं, गुडघ्यांचं जमलं तर बघू. पण डोळ्यांत जुनी चमक आली होती.

रूपराव मात्र फिल्म बघून गेले आणि थोड्या वेळाने परत आले. प्रभाकरराव जेवायला आत गेले होते. रूपराव काउंटरवर वाकले.

"काय रे धीरज, तुले झोप नाई येत म्हनते?"

"नाई येत."

"नाई, सहज पुसलं." रूपरावांनी इकडेतिकडे पाहिलं. "मले येते. मले काई नाई. फक्त ते कंडक्टर लोक तिकिटाचा पंच वाजवते ना, दांडीवर, टक-टक... भोंग्यानं काई नाई होत. गाडी आंगावर आली तरी काई नाई होत." त्यांनी शोकेसकडे बोट केलं. "तुहा नॉर्मल हाय ना पण? मंग माहाबी नॉर्मलच असंन."

"असंन भाऊ."

"मंग बरं हाय," रूपराव म्हणाले आणि पाच मीटर पडद्याचं कापड घेऊन गेले. त्यांच्या घरी पडदे लावायची पद्धत नव्हती.

वर्ध्याच्या डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट पाहून सांगितलं की नॉर्मलचा अर्थ गाठ नाही, रक्तस्राव नाही, एवढाच. माणसाच्या घरात काय झालं ते त्यात लिहिलेलं नसतं. हे धीरजने घरी सांगून पाहिलं. प्रभाकरराव म्हणाले, "पयले ती म्हने फोटोत दिसते. आता म्हने नाई दिसत. अशा दुकानातून म्या सुतळी नाई घेणार."

रक्षाने कारंज्याला न्यायची पिशवी भरून दारामागे खुंटीला अडकवली.

*

दसऱ्याला प्रभाकररावांकडे सोनं द्यायला हाताखालून गेलेले सगळे येतात. त्या दिवशी तर पियुषची गादी होती, म्हणून दुकान भरलं होतं. काउंटरवर कात्र्या, हिशेबाच्या वह्या मांडून त्यांना हळदीकुंकू वाहिलेलं. लोखंडी मीटर शकुंतलाबाई दर दसऱ्याला माळ्यावरून काढून तेलाने पुसत, पूजत आणि परत ठेवत. त्या वेळी धीरजला नेमकं मागच्या गोदामात काम निघे. यंदा त्याला पुढेच काम होतं.

प्रभाकरराव गादीवर बसले होते. त्यांच्या पुढ्यात काउंटर, काउंटरच्या पलीकडे रूपराव, ओमप्रकाश, रुपेश आणि आणखी दोघे-चौघे, हातात आपट्याची पानं घेऊन उभे. पियुष नव्या शर्टात, तोंडात पेढा. रक्षा आरतीचं ताट घेऊन दाराशी, आणि तिच्या खांद्याला ती पिशवी.

"चाल धीरज," प्रभाकरराव म्हणाले. "माह्यानं उठवत नाई. मीटर पोट्ट्याच्या हातात दे. आपल्या घरी बापानंच देल्ला पायजे."

धीरज उभा राहिला. नऊ वर्षांत त्याने त्या वस्तूला हात लावला नव्हता. सगळं दुकान त्याच्याकडे बघत होतं. पुढे, शोकेसच्या काचेआड, त्याचाच मेंदू सोळा बाजूंनी झगझगत होता आणि त्यात काहीही वावगं नव्हतं.

"बाबूजी," तो म्हणाला, "नाई."

"काय नाई?"

"मी... त्याले..." पुढचं भिंतीवरच्या कॅलेंडरात गेलं.

"उचल मीटर," प्रभाकरराव म्हणाले. नेहमीच्याच शांत आवाजात.

त्या आवाजापुढे धीरजचा नकार इतकाच टिकला. त्याने मीटर उचलला. मीटरला दसऱ्याचं तेल होतं, त्याच्या हाताला घाम होता. मीटर अर्धा वर आला, बोटांतून सरकला आणि काउंटरवर पडला.

टण्ण.

पहिला हात रूपरावांचा आला. मग ओमप्रकाशचा, सोन्याच्या अंगठ्यांसकट. रुपेशचा, नखांत खडू असलेला. धीरजचा. डावे हात काउंटरवर पालथे, बोटं जुळवून, एका ओळीत. कोणी ठेवले असं म्हणता येणार नाही, ठेवलेले होते. आपट्याची पानं फरशीवर सांडली होती. चाळिशी-पन्नाशीची, पोटं सुटलेली ही माणसं खाली मान घालून उभी होती.

आणि काउंटरच्या आतल्या बाजूने, गादीवरून, आणखी एक हात आला होता. सुरकुतलेला, पण बोटं अगदी व्यवस्थित जुळवलेली. तो हात मीटरच्या काळातला नव्हता. तो गजाच्या काळातला होता.

पियुषला वाटलं, हा दसऱ्याचा विधी असणार. तो चवड्यांवर उंच झाला आणि त्यानेही आपला डावा हात ओळीत ठेवला, मोठ्यांचं पाहून बोटं नीट जुळवली.

"आता काय करायचं असते, आबाजी?" त्याने पेढा सांभाळत विचारलं.

आबाजी काउंटरवरच्या आपल्या हाताकडे बघत होते, गिऱ्हाईक विसरून गेलेल्या सामानाकडे बघावं तसे. यापुढचं काय ते सगळ्यांना ठाऊक होतं: आता कोणीतरी "उचल" म्हणायला हवं. पण ज्याने म्हणायचं त्याचाच हात काउंटरवर होता, आणि त्याला म्हणणारा माणूस जाऊन चाळीस वर्षं झाली होती.

धीरजने शेजारच्या हाताकडे पाहिलं. तो ओळीतला सगळ्यात लहान होता. त्या पालथ्या हातावर अजून एकही वण नव्हता.

"उचला," धीरज म्हणाला.

सगळे हात एकदम उचलले गेले. मग प्रत्येकाला आपण भर दुकानात आहोत याची आठवण झाली. रूपरावांनी तोच हात पुन्हा खाली नेऊन काउंटर बोटांनी चोळून पाहिला.

"कपडा चांगला हाय," ते म्हणाले.

"सूत बारीक हाय," ओमप्रकाश म्हणाला.

काउंटरवर कापडाची चिंधीही नव्हती. रुपेश वाकून पानं गोळा करायला लागला आणि बराच वेळ वर आला नाही.

गादीवरचा हात मात्र तसाच होता.

"बाबूजी," धीरज म्हणाला. त्याने तो हात धरला नाही, फक्त जवळ गेला. "तुमीबी उचला."

प्रभाकररावांनी हात उचलला. मांडीवर ठेवला, मग उपरण्याखाली घेतला. शकुंतलाबाई सवयीने हळदीची वाटी घेऊन पुढे आल्या होत्या. कोणाला लावावी ते न समजून तिथेच थांबल्या.

बाहेर कोणीतरी कोणाला सोनं घ्या, सोन्यासारखं राहा म्हणत होतं.

"धीरज," प्रभाकरराव म्हणाले. "टेप कोठी हाय तुही?"

"हे काय."

"दे पोट्ट्याले." आणि धीरजने टेप पियुषच्या हातात दिली तेव्हा, मीटरकडे किंवा कोणाकडेच न बघता, ते पुढे म्हणाले, "ढिली धराले शिकव त्याले. ओढली तं कमी भरते."

रक्षाने पिशवी खांद्यावरून काढून काउंटरखाली ठेवली. खुंटीला परत अडकवली नाही, नुसती ठेवली. ती व्यवहारी बाई होती.

मीटर धीरजने पोत्यात गुंडाळून माळ्यावर टाकला. या खेपेला शिडी धरायला रूपराव होते. पुढच्या उन्हाळ्यात दोन पोरं हाताखाली राहायला आली, त्यांना प्रभाकररावांनी गुडघ्यांचं कारण सांगून परत पाठवलं. गुडघे हे अधिकृत कारण. फिल्म दिवाळीपर्यंत शोकेसमध्ये होती. मग नवं सुटिंग आलं, तेव्हा उतरवली. धीरज अजून महिन्याला वर्ध्याला जातो, आणि घरी विभागाचं नाव सांगून जातो. उलथनं पडलं की अजूनही थिजतो, पण आता घास गिळून मग थिजतो. डॉक्टरीणबाई याला सुधारणा म्हणतात.

लीलाबाई आल्या तेव्हा दुकानात पियुष स्टुलावर उभा राहून परकराचं कापड मोजत होता. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

"टेप ओढून तं नाई राह्यला ना रे पोट्ट्या?"

"नाई आजी," पियुष म्हणाला. "ढिली हाय. पाय."